कनेक्टेड कार घेण्यापूर्वी : एका ग्राहक-पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२६

पुस्तिकेच्या कामाला आज सुरुवात केली. पुण्यातील आमचा छोटा ग्राहक-मार्गदर्शन गट वीजबिल, विमा, घरखरेदी अशा विषयांवर मराठीत पुस्तिका काढतो. या वेळचा विषय आहे इंटरनेटशी जोडलेली नवी मोटारगाडी, म्हणजे बाजारात जिला ‘कनेक्टेड कार’ म्हणतात ती. गाडी घेताना आपण मायलेज, बूट स्पेस, एअरबॅगची संख्या आणि सर्व्हिसिंगचा खर्च यांची बारकाईने चौकशी करतो. पण गाडीत बसवलेले सिम कोणाला काय कळवते, आणि निःशुल्क मुदत संपल्यावर त्याचे पैसे कोणी व किती भरायचे, हे प्रश्न कोटेशनच्या कागदावर कुठेच नसतात.

भारतात या सुविधा सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचल्या त्या २०१९ मध्ये. त्या वर्षी मे महिन्यात ह्युंदाईची व्हेन्यू ब्लूलिंक या कंपनीच्या कनेक्टेड-कार सेवेसह बाजारात आली, पाठोपाठ एमजीची हेक्टर ‘इंटरनेट कार’ म्हणून आली आणि ऑगस्टमध्ये कियाची सेल्टोस. आज टाटा, महिंद्रा, मारुती सुझुकी या सर्वांच्या गाड्यांत अशी यंत्रणा मिळते, आणि ती केवळ टॉप मॉडेलपुरती राहिलेली नाही. म्हणजे हा प्रश्न आता श्रीमंतांच्या गाड्यांचा नाही. कर्ज काढून पहिली गाडी घेणाऱ्या कुटुंबाचाही आहे.

९ जानेवारी

यंत्रणेची रचना समजून घेतली. गटातील एक सदस्य वाहन-इलेक्ट्रॉनिक्समध्ये अनेक वर्षे काम केलेले अभियंता आहेत; त्यांनी आकृती काढून सर्व मार्ग दाखवला. गाडीत टेलिमॅटिक्स कंट्रोल युनिट, म्हणजे टीसीयू, नावाची एक छोटी पेटी असते. तिच्यात ईसिम (यंत्रातच कायमचे बसवलेले सिम), मोबाइल नेटवर्कचा मोडेम आणि जीपीएसचा रिसीव्हर असतो, आणि गाडीतील इतर संगणक ज्या जाळ्यावरून एकमेकांना संदेश पाठवतात त्या जाळ्याशी ती पेटी जोडलेली असते. त्यामुळे इंजिन केव्हा सुरू झाले, गाडी कुठे आहे, वेग किती होता, ब्रेक किती जोरात दाबला गेला, सीटबेल्ट लावला होता का, दारे बंद आहेत का, हे सर्व तिला कळू शकते. फोन ब्लूटूथने जोडून परवानगी दिली की संपर्कयादी आणि कॉलची यादी गाडीच्या पडद्यामागील स्मृतीत उतरते. आवाजी आज्ञांची सोय असेल तर मायक्रोफोन असतोच, आणि अलीकडच्या गाड्यांत कॅमेरेही असतात.

ग्राहकाला सहसा ठाऊक नसलेली एक बाब पुस्तिकेत अगदी आरंभी सांगायला हवी. आपण मोबाइलवरून गाडीचा एसी सुरू करतो तेव्हा ती आज्ञा फोनकडून थेट गाडीकडे जात नाही. ती आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते, तेथे आपले खाते आणि वर्गणीची मुदत तपासली जाते, आणि मग मोबाइल नेटवर्कवरून गाडीपर्यंत पोहोचते. मालक पार्किंगमध्ये गाडीशेजारी उभा असला तरी मार्ग हाच असतो. त्यामुळे गाडी पूर्ण पैसे देऊन घेतलेली असली तरी या सुविधांची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर राहते, आणि हा एक मुद्दा नीट समजला की गोपनीयता आणि वर्गणी हे दोन्ही प्रश्न एकाच मुळाचे आहेत हे आपोआप लक्षात येते.

१३ जानेवारी

शहरातील काही शोरूममध्ये जाऊन डिलिव्हरीच्या वेळी काय घडते ते पाहिले. शोरूमची नावे नोंदवणार नाही, कारण चित्र सगळीकडे जवळपास सारखेच होते. गाडीला हार घातलेला, पेढ्यांचा बॉक्स उघडलेला, घरातील सगळी मंडळी फोटोसाठी उभी. आणि त्याच गडबडीत सेल्स ॲडव्हायझर ग्राहकाचा फोन हातात घेऊन ॲप उतरवून देत होता. “काका, एक ओटीपी आलाय बघा, तेवढा सांगा, मी सगळं ॲक्टिव्हेट करून देतो.” काकांनी ओटीपी सांगितला. अटी, गोपनीयता धोरण, जाहिरातीसाठीची संमती, स्थान-माहितीची परवानगी असे जे पडदे त्यानंतर आले, ते सर्व ॲडव्हायझरच्या अंगठ्याने पुढे सरकले.

त्या तरुणाला दोष देणे योग्य होणार नाही. गाडी वेळेवर आणि सर्व सुविधा सुरू करून ग्राहकाच्या हाती द्यावी, एवढेच त्याला सांगितलेले असते. दोष आहे तो या संमतीच्या रचनेत. अपघात झाल्यावर मदत बोलावण्यासाठी लागणारी माहिती, एसी दुरून सुरू करण्यासाठी लागणारी माहिती आणि कंपनीच्या भागीदारांना व्यापारासाठी देता येईल अशी माहिती, या तिन्ही गोष्टी एका ‘मान्य आहे’ खाली बांधल्या जातात. संपूर्ण पुस्तिकेचा कणा हाच असावा असे मला आज प्रकर्षाने वाटले : सुरक्षा, सोय आणि व्यापार यांच्या संमती वेगवेगळ्या मागितल्या गेल्या पाहिजेत, आणि एक नाकारल्याने दुसरी बंद होता कामा नये.

१६ जानेवारी

मोझिला फाउंडेशनने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पुन्हा वाचला. त्यात २५ मोटार ब्रँडच्या गोपनीयता धोरणांची तपासणी होती आणि एकही ब्रँड त्यांच्या निकषांवर उतरला नाही. ८४ टक्के ब्रँड ग्राहकांची माहिती इतरांना देण्याची मुभा स्वतःकडे ठेवतात, ७६ टक्के ती विकू शकतात असे स्वतःच्याच धोरणात सांगतात, आणि ९२ टक्के ब्रँड ग्राहकाला त्याच्या माहितीवर जवळपास काहीच नियंत्रण देत नाहीत. सर्व वाहनचालकांना माहिती पुसून टाकण्याचा हक्क आहे असे सांगणारे ब्रँड दोनच होते, रेनॉ आणि डासिया, आणि हे दोन्ही युरोपातले आहेत जिथे तो हक्क कायद्यानेच दिलेला आहे. कंपन्यांच्या चांगुलपणावर विसंबण्यापेक्षा कायद्याची पाठराखण किती मोलाची आहे, हे त्यातून दिसते.

पुस्तिकेत या आकड्यांचा संदर्भ देताना एक मर्यादा स्पष्ट लिहायची आहे. तो अभ्यास प्रामुख्याने अमेरिका आणि युरोपातील धोरणांचा आहे. त्यामुळे भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. शिवाय धोरणात एखादी मुभा लिहिलेली असणे आणि ती प्रत्यक्षात वापरली जाणे यांतही फरक आहे.

२० जानेवारी

आजचा संपूर्ण दिवस जनरल मोटर्सच्या प्रकरणावर गेला, आणि जायलाच हवा होता, कारण गाडीतून निघालेली माहिती अखेर कुठवर पोहोचते याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

जनरल मोटर्सची अमेरिकेत ऑनस्टार नावाची सेवा आहे आणि तिच्यात ‘स्मार्ट ड्रायव्हर’ नावाची सोय होती. आपण किती चांगली गाडी चालवतो हे कळावे आणि सुधारणा करता यावी, असे तिचे वर्णन केले जात असे. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले की या सोयीतून गोळा झालेली माहिती लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या माहितीचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांकडे जात होती, आणि त्यांच्याकडून विमा कंपन्यांकडे. शेव्हरोले बोल्ट भाड्याच्या कराराने वापरणाऱ्या एका वाहनधारकाचा विम्याचा हप्ता २१ टक्क्यांनी वाढला होता. त्याने लेक्सिसनेक्सिसकडे स्वतःची माहिती मागवली तेव्हा २५८ पानांचा अहवाल हाती आला. त्यात सहा महिन्यांतील ६४० प्रवासांची नोंद होती : केव्हा निघाले, केव्हा पोहोचले, किती अंतर गेले, वेगमर्यादा कुठे ओलांडली, ब्रेक कुठे जोरात दाबला. गाडी कुठे गेली एवढे मात्र त्यात नव्हते.

बातमीनंतर काही दिवसांतच जनरल मोटर्सने या दोन कंपन्यांना माहिती देणे थांबवले. ऑगस्ट २०२४ मध्ये टेक्सास राज्याच्या ॲटर्नी जनरलनी कंपनीवर दावा लावला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई जाहीर करताना नोंदवले की स्थानाची नेमकी माहिती काही वेळा दर तीन सेकंदांनी गोळा केली जात होती आणि ग्राहकांना नावनोंदणी करून घेताना दिशाभूल करण्यात आली होती. प्रस्तावित आदेशानुसार स्थान आणि चालवण्याच्या सवयी यांची माहिती ग्राहक-अहवाल तयार करणाऱ्या संस्थांना देण्यावर पाच वर्षांची बंदी घालण्यात आली.

या प्रकरणातील मला सर्वांत गंभीर वाटणारी बाब हप्तावाढीची नाही. अनेक ग्राहकांना आपण या सोयीत नाव नोंदवले आहे हेच ठाऊक नव्हते. ती नोंदणी शोरूममध्ये, डिलिव्हरीच्या घाईत झालेली होती. १३ तारखेची नोंद मी पुन्हा वाचली. अमेरिकेतील शोरूम आणि पुण्यातील शोरूम यांत या बाबतीत फारसे अंतर नाही. दुसरे असे की जोरात दाबलेला ब्रेक म्हणजे बेफिकीर चालक, हे समीकरण आपल्या रस्त्यांवर तर मुळीच टिकणार नाही. अचानक आडव्या आलेल्या दुचाकीला वाचवण्यासाठी सिंहगड रस्त्यावर ब्रेक दाबणारा माणूस सावध चालक असतो. टीसीयूला ब्रेक दिसतो, दुचाकी दिसत नाही.

२३ जानेवारी

विम्याची भारतातील स्थिती थोडक्यात नोंदवून ठेवतो. विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये मोटार विम्यात ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ आणि ‘पे हाउ यू ड्राइव्ह’ अशा पूरक संरक्षणांना परवानगी दिली. पहिल्यात गाडी किती चालवली यावर आणि दुसऱ्यात कशी चालवली यावर हप्ता ठरतो. हे पर्याय ग्राहकाने स्वतः निवडायचे असतात आणि कमी चालवणाऱ्याला त्यातून खरोखर लाभ होऊ शकतो. पुस्तिकेत त्यांच्याविरुद्ध काही लिहिण्याचे कारण नाही. विमा कंपनीला माहिती कोणत्या यंत्रातून मिळणार आहे, आणि पॉलिसी बंद केल्यावर तिचे पुढे काय होणार, एवढे विचारून घ्यावे.

२९ जानेवारी

वर्गणीचा भाग आज लिहून काढला. गटात यावर दोन मते होती. एका सदस्याचे म्हणणे होते की वर्गणी ही मुळातच लूट आहे. मला ते पटले नाही आणि अखेर आम्ही मधला विचार स्वीकारला. ज्या सुविधेसाठी कंपनीला दरमहा खर्च येतो, म्हणजे मोबाइल डेटा, ताजे नकाशे, रहदारीची स्थिती, २४ तास चालणारे कॉल सेंटर, तिचे पैसे मागणे रास्त आहे. पण जी वस्तू गाडीत आधीच बसवलेली आहे, जिचे वजन ग्राहक रोज आपल्या इंधनाने वाहून नेतो आणि जिला चालण्यासाठी कोणत्याही सर्व्हरची गरज नाही, ती कुलूपबंद करून तिच्यासाठी पुन्हा पैसे मागणे अन्यायाचे आहे.

या दुसऱ्या प्रकाराची उदाहरणे परदेशांत भरपूर मिळतात. बीएमडब्ल्यूने सीट गरम करण्याच्या सोयीसाठी काही देशांत मासिक वर्गणी लावली होती. जुलै २०२२ मध्ये दक्षिण कोरियातील दर, दरमहा सुमारे १८ डॉलर, चर्चेत आला आणि जगभर टीका झाली. सीटमधील तारा कारखान्यातूनच बसवलेल्या होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने या सोयीसाठी वर्गणी घेण्याचा विचार सोडला. मर्सिडीजने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत आपल्या काही विद्युत गाड्यांचा वेगवाढीचा जोर वाढवण्यासाठी वर्षाला १२०० डॉलरची वर्गणी जाहीर केली. मोटर तीच, फक्त सॉफ्टवेअरने मोकळी केलेली. डिसेंबर २०२१ मध्ये टोयोटाच्या काही गाड्यांबाबत अमेरिकेत असे उघड झाले की किल्लीवरच्या बटणाने इंजिन सुरू करण्याची सोयही रिमोट सेवेच्या वर्गणीला बांधलेली होती. किल्लीचा रेडिओ संदेश थेट गाडीकडे जातो, त्याला सर्व्हर लागत नाही. तरीही वर्गणी संपताच बटण निरुपयोगी होत होते.

बीएमडब्ल्यूच्या उदाहरणातून पुस्तिकेसाठी एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. ग्राहकांनी मोठ्या संख्येने आणि वेळेवर आक्षेप घेतला तर कंपन्या माघार घेतात. आपल्याकडे अशा वर्गण्यांची पद्धत अजून मुळे धरते आहे, तेव्हा बोलण्याची वेळ हीच आहे.

आपल्याकडचा हिशेबही मांडला. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि नंतर तिचे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करता येते. व्हेन्यू आली तेव्हा ब्लूलिंक तीन वर्षे निःशुल्क होते. अशा गाडीच्या नोंदणीकालातील बारा वर्षे वर्गणीची, आणि त्या बारा वर्षांचा दर खरेदीच्या दिवशी कोणीही लिहून देत नाही. दर किती असेल याहून दर ठरवण्याचा अधिकार एकट्या कंपनीकडे आहे, ही अडचण मोठी आहे. मोबाइलची सेवा महाग वाटली तर आपण नंबर तोच ठेवून दुसरी कंपनी निवडतो; गाडीच्या सेवेला तसा पर्याय नाही, कारण ईसिम, सर्व्हर आणि ॲप तिन्ही एकाच हाती असतात.

४ फेब्रुवारी

नेटवर्कच्या आयुष्याविषयी एक परिच्छेद जोडला. अमेरिकेत एटी अँड टीने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी आपले थ्रीजी नेटवर्क बंद केले तेव्हा त्यावर अवलंबून असलेल्या अनेक गाड्यांच्या जोडणीच्या सुविधा थांबल्या. काही कंपन्यांनी सुधारणा दिल्या, काहींनी दिल्या नाहीत. आपल्याकडे आज विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांतील मोडेम फोरजीवर चालतात. पंधरा वर्षांनी ते नेटवर्क असेल का, आणि नसेल तर मोडेम बदलून मिळेल का, हा प्रश्न लेखी विचारण्याजोगा आहे.

१० फेब्रुवारी

गाडीचा मालक आणि गाडी चालवणारा यांच्यातील फरकावर आज दीर्घ चर्चा झाली. परदेशी लेखनात हा मुद्दा मुख्यतः पती-पत्नींच्या संदर्भात येतो. विभक्त झालेल्या किंवा छळ करणाऱ्या जोडीदाराने ॲपमधून गाडीवर पाळत ठेवल्याची प्रकरणे अमेरिकेत पुढे आली, आणि त्यातून कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा केला : पीडित व्यक्तीने आवश्यक कागदांसह विनंती केल्यास कंपनीने कामकाजाच्या दोन दिवसांत दुसऱ्या व्यक्तीचा दूरस्थ ताबा बंद केला पाहिजे. आपल्याकडेही गाडी नवऱ्याच्या नावावर, ॲप त्याच्या फोनवर आणि गाडी बायकोच्या वापरात, ही मांडणी सर्रास आढळते. बहुतेक घरांत त्यात काही वावगे नसते. ज्या घरात असते, त्या घरातील स्त्रीला गाडी हे घराबाहेर पडण्याचे साधन न राहता पहाऱ्याचे साधन होते.

आपल्या समाजात आणखी एक माणूस या गाडीत बसलेला असतो आणि त्याची दखल कोणी घेत नाही : पगारी ड्रायव्हर. जिओ-फेन्स (ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर गाडी गेल्याचा इशारा), वेगाचा इशारा, ठरलेल्या वेळेबाहेर गाडी सुरू झाल्याचा इशारा, या सुविधा जाहिरातीत ड्रायव्हरवर लक्ष ठेवण्यासाठी म्हणून दाखवल्या जातात. आपली गाडी कुठे आहे हे कळण्याचा मालकाला हक्क आहे, यात वाद नाही. परंतु ज्याच्या जेवणाच्या सुटीची, थांबण्याची आणि वेगाची दररोज नोंद होते त्या माणसाला ही नोंद होते आहे एवढे तरी सांगितले गेले पाहिजे. आमच्या गटातील एका ज्येष्ठ सदस्यांकडे कामाला असलेल्या ड्रायव्हरला त्यांनी कालच ॲप उघडून दाखवले. त्याने शांतपणे विचारले, “साहेब, मी सुट्टीवर असताना पण दिसतं का?” दिसत नाही, कारण गाडी तेव्हा साहेबांच्या दारात असते. पण इतके दिवस ही शंका त्याच्या मनात असेल आणि त्याने ती विचारली नसेल, हे ऐकून आम्ही सर्वच अस्वस्थ झालो. पुस्तिकेत या विषयाला स्वतंत्र पान देण्याचे ठरले.

१६ फेब्रुवारी

माहिती गळतीचा भाग. कंपनीचा हेतू चांगला असला तरी साठवलेली माहिती सुरक्षित राहतेच असे नाही, याची दोन उदाहरणे घेतली. टोयोटाने मे २०२३ मध्ये जाहीर केले की क्लाउडच्या चुकीच्या मांडणीमुळे जपानमधील सुमारे २१.५ लाख ग्राहकांच्या गाड्यांची माहिती, स्थानासह, नोव्हेंबर २०१३ पासून एप्रिल २०२३ पर्यंत बाहेरून पाहता येण्याजोगी होती. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लब ही हॅकर संघटना आणि ‘श्पीगल’ साप्ताहिकाने फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे आठ लाख विद्युत गाड्यांची माहिती उघडी असल्याचे दाखवले. त्यांपैकी सुमारे ४ लाख ६० हजार गाड्यांची स्थाने इतकी नेमकी होती की गाडी रोज कोणत्या दारापुढे उभी राहते हे सांगता आले असते.

स्थानाची नोंद ही एकेकट्या आकड्यांत निरुपद्रवी दिसते. ती महिनाभराची झाली की तिच्यातून मुलांची शाळा, डायलिसिसचे वार, वकिलाचे कार्यालय, प्रार्थनास्थळ आणि घर बंद असण्याच्या वेळा, हे सर्व वाचता येते. ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काय आहे’ असे म्हणणाऱ्या वाचकासाठी हे वाक्य ठळक अक्षरांत छापावे.

२१ फेब्रुवारी

जुन्या गाडीच्या विक्रीबाबत आरटीओतून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्यांशी बोललो. गाडी विकताना मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात, कर्ज असेल तर फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवला जातो, विमा नव्या मालकाच्या नावावर होतो. पण जुन्या मालकाच्या ॲपमधून गाडी काढली का, आणि गाडीच्या पडद्यामागे राहिलेली त्याची संपर्कयादी पुसली का, हे विचारणारा एकही कागद नाही. याचे दोन्ही बाजूंनी नुकसान होते. जुन्या मालकाची माहिती परक्याच्या हाती जाते, आणि नव्या मालकाची गाडी जुन्या मालकाच्या फोनवर दिसत राहू शकते.

पुस्तिकेत विक्रीच्या दिवशीची कामे क्रमाने द्यायची : फोनची जोडणी तोडणे, घराचा आणि कार्यालयाचा जतन केलेला पत्ता काढणे, इन्फोटेनमेंटचे, म्हणजे गाडीतील पडद्याच्या यंत्रणेचे, फॅक्टरी रिसेट करणे, ॲपमधून गाडी हटवणे, आणि कंपनीला ईमेल पाठवून खाते बंद केल्याची लेखी पोच घेणे. शेवटचे काम सर्वांत जास्त टाळले जाते आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण गाडीतील स्मृती पुसली तरी सर्व्हरवरची माहिती जागेवरच राहते.

२६ फेब्रुवारी

कायद्याचा भाग वकीलताईंनी तपासून दिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील प्रमुख बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होतील. आज गाडी घेणाऱ्याला या कायद्याचा पूर्ण आधार लगेच मिळणार नाही; पण त्याची गाडी मे २०२७ मध्ये जेमतेम वर्ष-सव्वा वर्षाची असेल आणि माहितीचे संकलन तर पुढे चालूच राहणार आहे. म्हणून आज कागदपत्रे नीट जपून ठेवणे महत्त्वाचे.

कायद्यातील तीन गोष्टी आमच्या विषयाशी थेट जुळतात. पहिली, संमती ही सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते. कायद्यातच एक उदाहरण दिलेले आहे : दूरवैद्यक (टेलिमेडिसिन) सेवेच्या ॲपने उपचारासाठी संमती घेताना फोनमधील संपर्कयादीही मागितली आणि ग्राहकाने दोन्हींना होकार दिला, तरी संपर्कयादी उपचारासाठी आवश्यक नसल्याने ती संमती उपचारापुरतीच धरली जाईल. हेच सूत्र गाडीला लावले तर एसी दुरून सुरू करण्यासाठी दिलेली संमती भागीदार कंपन्यांच्या जाहिरातींना लागू होऊ शकत नाही. दुसरी, संमती देणे जितके सोपे होते तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. ओटीपीने दिलेली संमती मागे घेण्यासाठी ग्राहकाला कॉल सेंटरच्या रांगेत उभे करता येणार नाही. तिसरी, संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला दिला पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला किंवा लातूरच्या शिक्षिकेला आपल्या गाडीचे गोपनीयता धोरण मराठीत मागता येईल, हा हक्क आपण प्रत्यक्ष वापरला तरच जिवंत राहील.

५ मार्च

आज गटात सर्वांत कठीण प्रश्नावर निर्णय झाला : टीसीयूचा फ्यूज काढून टाका, असा सल्ला द्यावा का? काही उत्साही वाहनधारक तसे करतात. अभियंता सदस्यांनी विरोध केला आणि त्यांचे कारण सर्वांना पटले. अनेक गाड्यांत अपघातानंतरचा स्वयंचलित मदत-कॉल याच पेटीतून जातो, शिवाय वायरिंगमध्ये हात घातल्यास वॉरंटीचा वाद उद्भवू शकतो. पाळत नको म्हणून अपघाताच्या वेळची मदत गमावण्याची वेळ ग्राहकावर येणे, हीच तर या एकत्र बांधलेल्या रचनेची खरी हानी आहे.

ही बांधणी अपरिहार्य नाही, याचा पुरावा युरोपात आहे. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून गाड्यांच्या नव्या मॉडेलना ‘ई-कॉल’ सक्तीचे झाले. मोठा अपघात झाला की गाडी स्वतः ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी संपर्क साधते आणि गाडीचे स्थान, वेळ, दिशा, गाडीचा प्रकार अशी मोजकी माहिती पाठवते. यासाठी ग्राहकाला वर्गणी नाही, आणि एरवी ही यंत्रणा गाडीचा सतत माग ठेवू शकत नाही असे बंधन कायद्यात आहे. आपल्याकडेही ११२ हाच राष्ट्रीय आपत्कालीन क्रमांक आहे. असे असताना अनेक गाड्यांतील एसओएस, म्हणजे संकटात मदत मागण्याचे, बटण कंपनीच्या कॉल सेंटरकडे जाते आणि वर्गणी संपल्यावर ते चालेल की नाही याची खात्री ग्राहकाला नसते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रात्री अपघातात सापडलेल्या माणसाची मदत वर्गणीच्या तारखेवर अवलंबून असावी, हे मला कोणत्याही अंगाने समर्थनीय वाटत नाही. पुस्तिकेच्या शेवटी शासनाकडे करायची मागणी म्हणून हा एकच मुद्दा ठेवायचा : मदत-कॉल थेट ११२ला, गाडीच्या संपूर्ण आयुष्यासाठी, विनावर्गणी आणि इतर सर्व संमतींपासून वेगळा.

१२ मार्च

बुकिंगची रक्कम देण्यापूर्वी शोरूमला ईमेलने विचारायचे प्रश्न आज अंतिम केले. निःशुल्क मुदत किती आणि त्यानंतरचा आजचा दर जीएसटीसह किती. वर्गणी न भरल्यास नेमक्या कोणत्या सुविधा बंद होतील आणि एसओएस त्यांत आहे का. किल्लीवरची कोणती बटणे ॲपवर अवलंबून आहेत. माहिती कोणाकोणाला दिली जाते. जाहिरातीची संमती नाकारून बाकीच्या सुविधा चालू ठेवता येतात का. गोपनीयतेची सूचना मराठीत मिळेल का. गाडी विकल्यावर सर्व्हरवरील माहिती किती दिवसांत पुसली जाईल. प्रश्न बुकिंगच्या आधी विचारण्यावर आमचा भर आहे, कारण पैसे दिल्यानंतर उत्तर देण्याची निकड कोणालाच राहत नाही.

गाडी घ्यायला निघालेल्या ओळखीच्या एका कुटुंबाने हा ईमेल दोन शोरूमना पाठवून पाहिला. एका ठिकाणाहून वर्गणीचे दरपत्रक आणि बंद होणाऱ्या सुविधांची यादी आली. दुसऱ्या ठिकाणाहून “सर, असे कोणी विचारत नाही, तुम्ही प्रत्यक्ष या, बोलू” असा फोन आला. कुटुंबाने पहिल्या ठिकाणी बुकिंग केले, आणि डिलिव्हरीच्या दिवशी ॲप स्वतः घरी बसून सुरू करणार असल्याचे आधीच कळवले. शोरूमने ते विनातक्रार मान्य केले.

मजकूर उद्या अक्षरजुळणीला जाईल. दरपत्रके वारंवार बदलतात, त्यामुळे पुस्तिकेत एकाही कंपनीचा भारतातील वर्गणीचा दर छापायचा नाही आणि दराच्या जागी वाचकाने स्वतः भरायचा रिकामा रकाना ठेवायचा, असे ठरले.